सुई टोचण्याआधी



मागच्या महिन्यात एका आजींनी आम्हाला विचारलं, "सिस्टर, कुपत होलीममध्ये चार नळ्या भरून रक्त घेतलं. त्यात ती एड्सची टेस्टही करून टाकतात का हो, आपल्याला न सांगता?"

नाही आजी, तसं करता येत नाही. पण तुमचं विचारणं आम्हाला फार आवडलं.

आम्ही मुंबईत नर्सिंग शिकत होतो तेव्हा पेशंटला "हात पुढे करा" एवढंच म्हणायचो. तपासणी कशाची, ते डॉक्टरांना ठाऊक. कोणी विचारलंच तर आम्हीच त्याला गप्प बसवायचो! आज त्याची लाज वाटते.

पुढे गोव्यातली एक हकिकत कानावर आली. डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. ही गोष्ट त्याला एकांतात बसवून, समजावून सांगायची की नाही? त्याऐवजी १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस आले आणि कारण न सांगता त्याला घेऊन गेले. टीबीच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. तेव्हा गोव्याचा कायदाच तसा होता. त्याची आई हायकोर्टात गेली. त्याची नोकरीही सुटली. १९९२ साली तो वारला.

आता नीट ऐका. दान केलेलं रक्त तपासावंच लागतं, कारण ते दुसऱ्याला चढवायचं असतं. तपासलं यात चूक नव्हती. चूक झाली ती सांगण्याच्या रीतीत.

भारतात आता २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. रक्तपेढीसारखे थोडे अपवाद सोडले तर माणसाच्या संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही. टेस्टच्या आधी आणि नंतर समुपदेशन, म्हणजे बसून समजावणं, हवं. निकाल गुप्त ठेवायचा. नोकरी देताना टेस्टची सक्ती करायची नाही.

इथे इस्राएलमध्ये रुग्णहक्कांचा कायदा १९९६ चा. काय करणार ते समजावून सांगायचं, मग संमती घ्यायची. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने चौदा वर्षांपुढच्या मुलामुलींना आईवडिलांच्या संमतीशिवायही ही टेस्ट करून घेता येते. आजी-आजोबांनो, रागावू नका. भीतीपोटी मूल टेस्टच टाळेल, त्यापेक्षा हे बरं.

आणि निकाल वाईट आला तर? आज औषधं चांगली आहेत. रोज नेमाने घेतली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. म्हणून टेस्टला घाबरू नये. मात्र पुढच्या वेळी हात पुढे करण्याआधी हसून विचारा, "ही नळी कशाची हो?"

चांगली नर्स असेल तर सांगेल. आम्हीही तेव्हा सांगायला हवं होतं.