एक कुंडी मुलाच्या स्वाधीन करा

इंग्लंडांतील केंट परगण्यांत ग्रेट मेथम हॉल नांवाचा वाडा आहे. तेथील भिंतींआडची ओसाड बाग फ्रान्सिस हॉजसन बर्नेट ह्या लेखिकेनें गुलाबांनीं फुलविली. तिच्यावरूनच त्यांना १९११ सालची 'द सीक्रेट गार्डन' ही कादंबरी सुचली. तींतील हिंदुस्थानांतून गेलेली पोरकी, हट्टी मेरी मातींत हात घालते, आणि बागेबरोबर तिचें मनही उमलतें.

आपल्याकडे साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. तेथें कसली बाग? परंतु कोंकणांतील पालगडचें घर त्यांच्या मनांत हिरवें होतें. मुक्या कळ्या खुडूं नयेत, त्यांना झाडावर फुलूं द्यावें, ही आईची शिकवण त्यांना आठवत होती.

तात्पर्य, बागेचा विस्तार गौण. मुलाचा तिच्यावरील जीव हाच मुख्य. केबिन रोडवर अंगणें दुर्मिळ झालीं, ही सबब पुरेशी नाहीं. पालकहो, खिडकींतील एक कुंडी मुलाच्या स्वाधीन करा. तो पाणी घालावयास विसरला, तर आपण घालूं नका. रोप कोमेजलें, तर तें दुःख त्यालाच सोसूं द्या. जबाबदारीचा पहिला धडा तोच होय.