गाजर गवताला विळा पुरणार नाही



‘आपल्याकडचे किडे हळूहळू गाजर गवताला सरावतील, निसर्ग आपले पाहून घेईल’ असे आमच्या गावातले बरेच शहाणे सांगतात. पुण्यात हे तण लोकांच्या नजरेत भरले ते १९५०च्या दशकात. सत्तर वर्षे झाली. किडे सरावायचे असते, तर एव्हाना बांध आणि शाळांची मैदाने मोकळी झाली असती.

अडचण पानावरच आहे. भिंग धरून पाहा, बारीक लव दिसेल. त्यातल्या काही केसांच्या ग्रंथींत पार्थेनिन हे जहाल कडू द्रव्य साठलेले असते. टोमॅटो तोडताना बोटांना बसणारा हिरवट चिकटा अशाच ग्रंथिकेसांचा. पान कुरतडणाऱ्या किड्याला पहिला घास या लवेतूनच घ्यावा लागतो. गुरेही सहसा तोंड लावत नाहीत. चुकून खाल्लेच तर दुधाला कडवट वास येतो. (मुळात याला गवत म्हणणेच चूक; ते सूर्यफुलाच्या कुळातले.) त्यावर सुखाने नांदतो तो पिठ्या ढेकूण. तो पान चावत नाही, रस शोषतो आणि पुढे कपाशीवर जातो. या तणासारखा तोही मूळचा अमेरिकेकडचाच!

पान खाऊन फस्त करणारा किडा मिळाला तो मेक्सिकोत, या झाडाच्या माहेरी. झायगोग्रामा भुंगा १९८४मध्ये बंगळुरूत सोडला गेला. त्याची अळीही पाने खाते आणि भुंगाही. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला म्हणून ओरड झाली, पण त्याने सूर्यफुलाची शेते उजाड केली नाहीत. त्याची खरी उणीव अशी, की तो पावसाळ्यातच कामाचा. एरवी जमिनीत दडून बसतो.

म्हणूनच वेळ साधायला हवी. गाजर गवत निर्मूलन सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला असतो. जूनच्या पावसावर उगवलेले रोप महिना-दीड महिन्यात फुलते. म्हणजे आमच्याकडे विळे निघतात तेव्हा झाडे पांढरी झालेली असतात, कापताना बी झडते, बुडखा पुन्हा फुटतो. फोटो तेवढे छान येतात.

पुढच्या वर्षी ही मोहीम जुलैच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी. हातमोजे घालून रोपे मुळासकट उपटावीत, रिकाम्या जागी टाकळा पेरावा, आणि जिथे भुंगे सोडले तिथे फवारणीचा पंप नेऊ नये, एवढी कृषी खात्याला विनंती.

– एक शेतकरी वाचक, जि. जालना