‘पुरे’ कोणी म्हणायचे?

मुलांच्या खेळाला आईवडिलांचा पाठिंबा असावा की नसावा, हा विषय वक्तृत्वस्पर्धांतून इतका घासून गुळगुळीत झाला आहे की त्यावर पुन्हा लिहिणे म्हणजे कागदाची नासाडी, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. पाठिंबा असावा, हे सर्वांना मान्य आहे. ज्यांना घरी मान्य नसते तेही व्यासपीठावर आले की मान्य करतात. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पाठिंबा द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? पैसे भरायचे, डबा करून द्यायचा, उन्हात बसून टाळ्या वाजवायच्या, की आणखी काही? या प्रश्नाचा विचार करायला मला आपल्या क्रिकेटपेक्षा बेसबॉल अधिक उपयोगी वाटतो; आणि तोही पैसेवाल्या व्यावसायिकांचा नव्हे, तर जपान-अमेरिकेतल्या पंधरा ते अठरा वर्षांच्या शाळकरी मुलांचा. कारण तिथे आईबापांच्या कौतुकाची किंमत मोजणारा अवयव बोट ठेवून दाखवता येतो. तो म्हणजे मुलाचे कोपर.

आपल्यापैकी बहुतेकांना बेसबॉल ठाऊक असतो तो सॉफ्टबॉलमुळे. पण सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हात खालून फिरवून टाकतात. बेसबॉलचा ‘पिचर’ तो खांद्यावरून, कोपर वाकवून, अंगातला सगळा जोर लावून फेकतो. क्रिकेटच्या गोलंदाजाला सहा चेंडूंनंतर उसंत मिळते. पिचरला, आपला संघ फलंदाजी करीत असेल तेवढा वेळ सोडला तर, ती नाही. त्याला बदलले नाही तर सामना संपेपर्यंत तोच. म्हणजे शंभर-सव्वाशे वेळा तीच फेक. प्रत्येक फेकीला कोपराच्या आतल्या बाजूचा एक लहानसा अस्थिबंध ताणला जातो. तो तुटला की दुसरीकडची शीर काढून तिथे बसवावी लागते. ही शस्त्रक्रिया प्रथम १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या खेळाडूवर केली आणि आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. टॉमी जॉन तेव्हा तिशी ओलांडलेला व्यावसायिक होता. आज हीच शस्त्रक्रिया शाळेत जाणाऱ्या मुलांवर होते.

आधी जपानकडे पाहू. तिथे दर उन्हाळ्यात शालेय बेसबॉलची जी राष्ट्रीय स्पर्धा होते ती १९१५ पासूनची आहे आणि १९२४ पासून ती कोशिएन नावाच्या मैदानावर भरते. देशभरातल्या सुमारे साडेतीन हजार शाळा प्रांतोप्रांती आपसांत लढतात आणि त्यांतून एकोणपन्नास शाळा कोशिएनला पोहोचतात. एक सामना हरला की घरी. हरलेली मुले रडत रडत मैदानातली काळी माती पिशवीत भरून नेतात, आणि सारा देश दूरचित्रवाणीवर ते पाहून डोळे पुसतो.

या सोहळ्यात पालकांचे काम ठरलेले असते. नावाजलेल्या शाळांची मुले पुष्कळदा वसतिगृहात राहतात. आईबाप सामन्यापुरते भेटणार. पालकांची मंडळे असतात. लहान मुलांच्या क्लबांत आयांना चहापाण्याच्या पाळ्या लावून दिलेल्या असतात. कोशिएनच्या वारीला हे लोक रात्रभर बसचा प्रवास करून येतात, एकाच रंगाच्या टोप्या घालून प्रेक्षागारात बसतात. आणि ज्यांच्या मुलाला संघात जागाच मिळालेली नाही, तेही दुसऱ्याच्या मुलासाठी घसा फुटेस्तोवर ओरडतात. हे शेवटचे मला मनापासून थोर वाटते. आपल्याकडे मुलाचे नाव यादीत नसले तर वडील मैदानाकडे फिरकणार नाहीत. निवडसमितीला शिव्या देत घरी बसतील.

पण या थोरपणाच्या पोटात एक करार आहे. मुलगा प्रशिक्षकाच्या हवाली केला की त्याच्याविषयी बोलायचे नाही. ‘मास्तर, आता हा तुमचा’ असे सांगून पोर शाळेत सोडून जाणारे आपले जुने बापलोक आठवा, म्हणजे हा करार कळेल. १९९८ साली दाइसुके मात्सुझाका या मुलाने सतरा डावांच्या एका सामन्यात अडीचशे चेंडू फेकले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मैदानात होता. २०१३ च्या वसंतातल्या स्पर्धेत तोमोहिरो आनराकूने पाच सामन्यांत ७७२ चेंडू फेकले. २०१८ साली आकिता प्रांतातल्या कानाआशी या शेतकी शाळेचा कोसेई योशिदा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्याचा त्या स्पर्धेतला आकडा ८८१ झाला होता. शेतकी शाळेच्या नऊ पोरांनी बलाढ्य शाळांना लोळवले म्हणून जपान वेडा झाला होता. त्या वेडात मीही सामील झाले असते. पण ८८१ हा आकडा वाचल्यावर मनात येते की, प्रेक्षागारात टोप्या घालून बसलेल्यांपैकी एकानेही उठून ‘आता पुरे’ असे म्हणावे, अशी तिथे सोय तरी होती का?

ते म्हटले गेले पुढच्याच वर्षी. इवाते प्रांतातल्या ओफुनातो गावच्या शाळेत रोकी सासाकी नावाचा विलक्षण वेगाचा पिचर होता. २०११ च्या त्सुनामीत त्याचे वडील आणि आजीआजोबा गेले. आईने मुलांना वाढवले. २१ जुलै २०१९ ला त्याने बारा डावांत १९४ चेंडू फेकले होते, २४ तारखेच्या उपान्त्य सामन्यात १२९. अंतिम सामना २५ ला. तो जिंकला असता तर ही शाळा १९८४ नंतर प्रथमच कोशिएनला जाणार होती. प्रशिक्षकांनी त्या दिवशी सासाकीला खेळवलेच नाही. शाळा १२-२ अशी हरली. मग शाळेत तक्रारींचे फोन घणघणू लागले. गावाचे स्वप्न मोडले, मुलाचा हक्क हिरावला, वगैरे वगैरे. फोन करणाऱ्यांपैकी कोणाचेही कोपर पणाला लागलेले नव्हते, हे वेगळे सांगायला नको. या मुलाने २०२२ साली, विसाव्या वर्षी, समोर आलेल्या सत्तावीसही फलंदाजांना एकही पाऊल पुढे टाकू न देता पूर्ण सामना जिंकला, आणि २०२५ पासून तो अमेरिकेत खेळतो. तिथे पहिल्याच वर्षी त्याचा खांदा दुखावला, हेही सांगितले पाहिजे. एका दिवसाच्या विश्रांतीने हात अमर होत नाही.

जपानने २०२० पासून आठवड्याला पाचशे चेंडूंची मर्यादा घातली. मर्यादा आली हे उत्तमच. पण ती मोजते स्पर्धेतल्या सामन्यांचे चेंडू. सरावात, वसतिगृहामागच्या अंगणात, भल्या पहाटे किती फेकले, हे कोण मोजणार?

अमेरिकेत तऱ्हा उलटी. तिथे पालक मुलाला हवाली करीत नाहीत, ते त्याच्या मागोमाग मैदानात उतरतात. माझी आतेबहीण न्यू जर्सीला असते. तिचा मुलगा शाळेच्या संघातही पिचर आहे आणि एका खासगी क्लबच्या फिरत्या संघातही. फेब्रुवारी संपला की तिचे शनिवार-रविवार संपले. घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, दोनशे मैलांवरचे हॉटेल, क्लबची फी, खासगी शिकवणी. गणपतीला यायचे तिकीट तिने दोनदा रद्द केले. यामागे माया आहेच; पण हिशेबही आहे. मुलाला चांगल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळेल, ही आशा. तो हिशेब फार कच्चा आहे. तिथल्या पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांना २०२५ पर्यंत बेसबॉलसाठी ११.७ शिष्यवृत्त्याच देता येत, आणि त्याही सत्तावीस मुलांपर्यंत वाटून. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच.

आशेचे पुढे काय होते ते पाहा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, एक तृतीयांशाहून अधिक पालकांना असे वाटत होते की मुलाचे कोपर धडधाकट असले तरी त्याचा खेळ सुधारावा म्हणून टॉमी जॉन शस्त्रक्रिया करून घ्यावी. पुन्हा वाचा. धडधाकट कोपर! दुसऱ्या एका अभ्यासात ४८१ मुलांचा दहा वर्षे मागोवा घेतला. वर्षाला शंभराहून अधिक डाव फेकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीनपट आढळला. हा अभ्यास २०११ चा आहे. म्हणजे माहिती नव्हती, असे म्हणायची सोय राहिलेली नाही.

तिथेही २०१७ पासून प्रत्येक राज्याच्या शालेय संघटनेला चेंडूंची मर्यादा आणि विश्रांतीचे दिवस ठरवावे लागतात. पण गंमत अशी की, गुरुवारच्या सामन्याचा हिशेब शाळेच्या वहीत आणि रविवारचा क्लबच्या वहीत. एका प्रशिक्षकाला दुसऱ्याची वही दिसत नाही, पुष्कळदा पाहायचीही नसते. दोन्ही वह्या ज्यांच्या डोळ्यांसमोर असतात, अशी माणसे जगात दोनच; आई आणि बाप. म्हणून ‘पुरे’ म्हणण्याचे काम त्यांचे. प्रशिक्षकाला जिंकायचे असते, शाळेला नाव हवे असते, आणि मुलगा तर स्वतः कधीच म्हणणार नाही.

का म्हणणार नाही, हे, मित्रहो, आपल्याला प्राध्यापकांपेक्षा अधिक कळावे. आपल्यापैकी कित्येकांच्या शिक्षणासाठी घरात काही ना काही मोडलेले आहे. दागिना, जमिनीचा तुकडा, बहिणीचे शिक्षण. अशा घरातून आलेले मूल ‘मला हे जमत नाही’ असे बोलू शकते का? हॉटेलांच्या आणि क्लबच्या पावत्या ज्याने पाहिल्या आहेत, त्या मुलाच्या तोंडून ‘कोपर दुखते’ हे दोन शब्द निघायला किती जड जात असतील! पाठिंबा वाढत वाढत कर्ज होतो तो इथे. सावकार प्रेमळ असला म्हणून कर्ज हलके होत नाही.

आपल्याकडच्या एका वडिलांची या संदर्भात आठवण होते. कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याला क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती सुरू केली. २०१७ साली त्याच्या वडिलांनी, जे रिक्षा चालवत, संघटनेला कळवले की मुलाची कामगिरी घसरली आहे, ती सुधारेपर्यंत हे पैसे नकोत. रिक्षा चालवणाऱ्या माणसाने दरमहा दहा हजार परत करावेत, याला पुष्कळांनी भोळेपणा म्हटले असेल. मला तो पाठिंब्याचा फार वरचा प्रकार वाटतो. मुलाच्या डोक्यावरची एक पाटी बापाने स्वतःहून उतरवली.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो मला सोपा वाटत नाही. ही बहुतेक मुले पुढे कधीच खेळणार नाहीत. कोशिएन किंवा शाळेचे शेवटचे वर्ष हाच त्यांचा उभ्या आयुष्यातला एक उन्हाळा. तो त्यांना जळून जाऊ द्या. पन्नाशीत गेल्यावर कोपराची काळजी करायला वेळच वेळ आहे. मात्सुझाका काय मोडून पडला? पुढे मोठा खेळाडू झालाच ना? झाला, पण २०११ मध्ये त्याच्याही कोपरावर तीच शस्त्रक्रिया झाली. आणि जे सतराव्या वर्षी मोडले त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, म्हणून ते आपल्या उदाहरणांत येत नाहीत. शिवाय ज्याला पुढे खेळायचे नाही, त्यालाही हात लागतोच. शेतकी शाळेतल्या मुलाला तर जास्तच.

आतेबहिणीचे सांगायचे राहिले. या वसंतात तिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दोन्ही संघांचे चेंडू लिहायला सुरुवात केली. एप्रिलमधल्या एका आठवड्यात बेरीज पाहून तिने मुलाला रविवारच्या सामन्याला पाठवले नाही. क्लबच्या प्रशिक्षकांनी तिच्याशी बोलणे टाकले आहे. मुलगाही चार दिवस बोलत नव्हता. पाचव्या दिवशी त्याने डाव्या हाताने दुधाचा पेला उचलला, आणि तिने विचारल्यावर म्हणाला, ‘तीन आठवडे झाले, दुखतेय.’