इंग्रजी चालते, मग जर्मन कशाला?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. १०,००० तरुणांचा आकडा जाहीर झाला. तेव्हापासून हेदवी परिसरात आयटीआय किंवा नर्सिंग केलेली मुले-मुली एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, तिथल्या लोकांना इंग्रजी येतं ना? मग जर्मन कशाला शिकायचं?"

प्रश्न चुकीचा नाही. शाळेत शिकलेल्या बहुतेक तरुण जर्मनांना इंग्रजी येते. बर्लिनमधल्या काही आयटी कंपन्यांचा कारभार इंग्रजीतच चालतो. जून २०२४ पासून सुरू झालेल्या 'चान्सनकार्ट' या नोकरीशोध व्हिसालाही जर्मन किंवा चांगली इंग्रजी, दोन्हींपैकी एक चालते. म्हणजे दाराच्या आत इंग्रजीवर जाता येते. पण आत जाऊन करायचे काय?

आमची मुले काही बर्लिनमध्ये सॉफ्टवेअर लिहायला निघालेली नाहीत. ती रुग्णालयात, गॅरेजात, वायरिंगच्या कामावर जाणार. ऐंशी वर्षांच्या आजीबाई रात्री दोन वाजता 'छातीत दुखतंय' हे इंग्रजीत सांगत नाहीत. म्हणूनच परिचारिकेची पात्रता मान्य करताना तिथे साधारणपणे बी२ पातळीची जर्मन मागतात. 'आउसबिल्डुंग' म्हणजे काम करता करता धंदेशिक्षण. त्याचे वर्ग आणि परीक्षाही जर्मनमध्येच असतात.

इथे आपल्याकडचे वडीलधारे आखाताचा दाखला देतात. "आम्ही तीस वर्षं कुवेतला काढली, अरबी कुठे आली? काही अडलं नाही." खरे आहे. कुरआन अरबीत पढणाऱ्या आपल्या लोकांचे आखातातले काम हिंदी-उर्दूवर भागले. कारण सोबतचे कामगार आपल्यासारखेच होते, बायको-मुले गावी होती आणि एक दिवस परतायचेच होते. तिथले नागरिकत्व मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

जर्मनीचा हिशेब वेगळा आहे. तिथे आता पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण इतर अटींबरोबर बी१ पातळीची भाषा लागते. मुले तिथल्या शाळेत जातील. भाषा न येणारे आईबाप मग घरातच परके होतात.

तुर्की कामगारांचा इतिहास यासाठी वाचावा. १९६१ च्या करारानंतर ते 'पाहुणे कामगार' म्हणून जर्मनीत गेले. पाहुणे परत जाणार, मग भाषा कशाला, असे दोन्ही बाजूंनी धरले गेले. पुष्कळ जण परतलेच नाहीत. सरकारी भाषावर्गांची व्यवस्था लागू झाली ती थेट २००५ मध्ये. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षे किती शाळकरी मुलांनी आईसोबत दवाखान्यात दुभाष्याचे काम केले असेल!

अल्लामा इक्बाल १९०७ मध्ये हायडेलबर्गला जर्मन शिकत होते. हे शहर आज याच बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आहे. केंब्रिजहून आलेल्या इक्बालांना इंग्रजीची काय वाण होती? तरी ते शिकले, आणि गटेसारख्या कवीशी त्यांचे आयुष्यभराचे नाते जुळले.

समोरच्याला आपली भाषा कळते म्हणून आपण त्याची शिकू नये, हा हिशेब आपल्या दारातही चुकतो. कोकणात हिंदीवर भागते. पण बाहेरून आलेला माणूस मराठीत दोन वाक्ये बोलला की त्याच्यासाठी खुर्ची पुढे येते.

उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा सांभाळणाऱ्या आपल्या मुलांना पाचवी जड नाही. जड आहे ती सोय. मॅक्समुल्लर भवन मुंबई-पुण्याला. हेदवीच्या मुलीने तिथे राहायचे कसे? करार सरकारने केला आहे, तर वर्गही गुहागर-चिपळूणपर्यंत आले पाहिजेत. जमातीचे हॉल आणि शाळेच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्याच असतात. त्या द्यायला आपण पुढे यावे. आणि 'भाषेची गरज नाही, पैसे भरा' म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.