निसरड्या पायरीचा धनी कोण?

वाई तालुक्यातील मांढरदेव येथे 25 जानेवारी 2005 रोजी काळूबाईच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविकांचा बळी गेला. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने दगडी पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. काही जण घसरले, मागून लोटणाऱ्या गर्दीने त्यांना तुडविले, आणि पाठोपाठ वाटेवरील दुकाने आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. शासनाने न्या. राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. अनर्थ मोठा होता, परंतु त्याच्या आरंभी एक ओली पायरी होती. ती कोरडी ठेवणे हे काम कोणाचे, हा प्रश्न यात्रेपुरता नाही. तो रोजच्या बाजारपेठेचाही आहे.

साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या गणपती पेठेत एखादे गिऱ्हाईक सांडलेल्या तेलावरून घसरले, तर दुकानदार पाणी देतो, रिक्षा बोलावतो. ‘जरा बघून चालावे’ असा उपदेश भोवतालचे लोक करतात, आणि प्रकरण तेथेच मिटते. खुब्याचे हाड मोडलेल्या निवृत्त शिक्षकाच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या निवृत्तिवेतनातून होतो. पडणाऱ्याचे नशीब खोटे, एवढाच आपल्या समाजाचा न्याय.

वस्तुतः कायदा इतका उदासीन नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून झालेल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली तेथील महापालिकेस जबाबदार धरले. रहदारीच्या रस्त्यालगतची वास्तू सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असून, दोष ठाऊक नव्हता ही सबब चालणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. परंतु मनोरा कोसळला होता 1950 साली. अंतिम न्यायास पंधराहून अधिक वर्षे लागली. इतका काळ कोणता कारकून झगडणार?

इंग्लंडने जागेच्या ताबेदाराचे आगंतुकाप्रती असलेले कर्तव्य 1957 साली कायद्यात लिहून टाकले. आपल्याकडे ते प्रामुख्याने न्यायनिर्णयांत विखुरलेले आहे. ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली आला, त्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली. पण त्यातील ‘ग्राहक’ हा मोबदला देणारा वा देऊ करणारा. खरेदीपूर्वीच उंबऱ्याशी घसरलेला मनुष्य त्या व्याख्येत बसतो की नाही, येथूनच वाद सुरू होतो. कामगाराच्या भरपाईसाठी 1923 सालीच कायदा झाला. वाहनाच्या धडकेत जखमी होणाऱ्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. दुकानात पडणाऱ्यासाठी मात्र दिवाणी न्यायालयाची लांब वाट तेवढी उरते.

यावर आक्षेप येईल की, अशाने लहान किराणा दुकानदार देशोधडीला लागेल. आक्षेप अगदीच अनाठायी नाही. म्हणूनच प्रत्येक पडण्याची भरपाई दुकानदाराने द्यावी, असे कोणी म्हणू नये. स्वतःच्या घाईने पडलेल्याचा भार दुसऱ्यावर टाकणे हाही अन्यायच होईल. मागणी वाजवी काळजीची आहे. सांडलेले तेल पुसावे, ओल्या फरशीवर पोते टाकावे, गटारावरील हलती फरशी बसवून घ्यावी, जिन्यात दिवा ठेवावा. यांपैकी एकही गोष्ट दुकानदाराला बुडविणारी नाही. एवढे करूनही अपघात घडला, तर त्यासाठी अल्प हप्त्याचा सामूहिक विमा व्यापारी संघटनांना उतरविता येईल. एकट्या दुकानदाराला जड जाणारा भार पेठ मिळून सहज पेलू शकते.

शासनाने हे कर्तव्य स्पष्ट शब्दांत कायद्यात आणावे, आणि लहान दाव्यांचा निकाल जिल्ह्याच्या ठिकाणीच ठराविक मुदतीत लागावा. दुकानाची पायरी गिऱ्हाइकाला आत बोलावण्यासाठी बांधलेली असते. ज्याने बोलावले, त्याने येणाऱ्याचा पाय सुखरूप पडेल एवढे पाहावे, ही अपेक्षा मोठी नाही. मांढरदेवच्या पायरीने जी किंमत वसूल केली, तिच्यानंतर तरी ‘बघून चाला’ हा उपदेश पुरेसा मानता येणार नाही.