माळ्यावरचे यंत्र आणि मालकीचा प्रश्न

२०२० सालच्या टाळेबंदीत मध्यमवर्गीय घराच्या एका कोपऱ्याला कचेरीचे रूप आले. त्या वेळी घाईने घेतलेले कित्येक प्रिंटर आज माळ्यावर धूळ खात पडले आहेत. काही घरांत त्यांच्या शेजारीच आजोबांचा टाइपरायटरही सापडतो. ही दोन यंत्रे खाली काढून स्वतः दुरुस्त करू पाहणाऱ्यास मालकी या कल्पनेविषयी जे उमगते, ते अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही.

प्रथम टाइपरायटर पाहू. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर त्याचे उत्पादन थांबले. वीस वर्षे पडून राहिलेल्या अशा यंत्राचा दोष बहुधा एकच असतो. जुने तेल घट्ट होते, त्यात धूळ बसते आणि अक्षरांच्या दांड्या वर जाऊन तेथेच अडकतात. दात घासण्याचा जुना ब्रश, थोडे रॉकेल अथवा स्पिरिट, नवी फीत आणि भरपूर चिकाटी एवढ्यावर काम भागते. रबरी रुळाला मात्र रॉकेल लागू देऊ नये, आणि दांड्यांच्या खाचांत पुन्हा तेल ओतण्याचा मोह आवरावा. कळ दाबली की दांडी कशी उचलली जाते, हे या यंत्रात उघड्या डोळ्यांना दिसते. म्हणूनच गल्लीतला मेकॅनिक कोणत्याही कंपनीच्या परवानगीवाचून ही विद्या शिकला आणि तिच्यावर त्याचा संसार चालला.

प्रिंटरची कथाही आरंभी अशीच असते. शाई सुकून तिची सूक्ष्म छिद्रे बुजतात. कागद ओढणारा रबरी रूळ गुळगुळीत होऊन घसरू लागतो. ओल्या फडक्याने रूळ पुसावा, छिद्रे कोमट शुद्ध पाण्याने हलकेच मोकळी करावीत. (वीजपुरवठ्याचा भाग मात्र उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो.) पण छिद्रे साफ करताना वाया जाणारी शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक थरात जाते, आणि कित्येक प्रिंटरांत तिची मोजदाद आतला गणक ठेवतो. ठरलेला आकडा भरला की यंत्र थांबते. थर धुऊन वाळवून पुन्हा बसवला तरी गणक हटत नाही. ज्या यंत्राचा एकही भाग तुटलेला नाही, त्याला काम न करण्याचा हुकूम झालेला असतो, आणि हुकूम मागे घेण्याची किल्ली मालकाकडे नसते.

यात अपघात कोठेही नाही. प्रिंटर स्वस्तात विकावा आणि नफा शाईतून वर्षानुवर्षे काढावा, हा या धंद्याचा परिचित हिशेब आहे. शाईची डबी पुन्हा भरून वापरणारा त्या हिशेबाचा शत्रू ठरतो. अमेरिकेत लेक्समार्क कंपनीने अशा डब्या भरून विकणाऱ्यांवर पेटंटचा दावा लावला. ३० मे २०१७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वस्तू विकताच तिच्यावरील पेटंटचा अधिकार संपतो. कायद्याचे कुलूप निघाले. डबीवरील चिपचे कुलूप मात्र कंपनीच्याच हाती राहिले.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे निवडली गेली, पुढे एक संकेतस्थळही निघाले. परंतु संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. युरोपीय संघाने जून २०२४ मध्ये केलेल्या निर्देशात, दुरुस्ती अडवणाऱ्या करारातील अटींना आणि यंत्रातील कुलपांना मनाई केली आहे. तीही ठरावीक वस्तूंपुरती, आणि त्या यादीत प्रिंटर नाही.

हा सुखवस्तू माणसाचा रविवारचा छंद आहे, श्रमिकांच्या चळवळीशी त्याचा काय संबंध, असे काही कार्यकर्ते विचारतील. उत्तर त्या चार क्षेत्रांच्या यादीतच आहे. प्रिंटरला पडणारे कुलूप ट्रॅक्टरलाही पडू शकते, आणि तेथे हंगाम वाट पाहत नाही. शिवाय स्वावलंबनाचे कौतुक करताना मेकॅनिकला विसरणे हा अन्याय होईल. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तिका आणि गणक शून्यावर आणण्याची सोय या तिन्ही गोष्टी मालकाइतक्याच त्यालाही कायद्याने मिळाल्या पाहिजेत. या मागणीचा मसुदा करताना त्याला अवश्य बोलवावे. कोणत्या कंपनीने कोणता स्क्रू मुद्दाम वेगळ्या आकाराचा केला आहे, हे त्याला तोंडपाठ असते.