चुलीजवळची विडी



गेल्या पावसाळ्यात एका वाड्यावर आजाऱ्याच्या भेटीस गेलो होतो. त्या घरच्या सुनेला सहावा महिना चालू होता. बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळे दारे-खिडक्या बंद, आणि सासरे ओसरी सोडून चुलीजवळ विडी ओढीत बसलेले. सून तोंडाला पदर लावून खोकत होती. “त्यांना मी कसे सांगू, फादर?” एवढेच ती हळूच म्हणाली.

विडीचा परिणाम ओढणाराच भोगतो, ही आपली समजूत खरी नव्हे. बंद घरातील धूर सर्वांच्याच छातीत जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. निकोटिन वारेतून थेट गर्भापर्यंत पोहोचते. आईने जन्मात विडीला हात लावला नसला, तरी मूल वजनाने कमी भरण्याचा व मृत जन्मण्याचा धोका वाढतो. (चुलीतील लाकडाचा धूरही निर्दोष नव्हे, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.)

स्त्रीच्या बीजकोशांतील बीजे जन्मापासूनच मोजकी असतात, पुढे त्यांत भर पडत नाही. तंबाखूच्या धुरातील विषे त्यांचा अकाली नाश करतात. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांना दिवस राहण्यास विलंब लागतो, आणि त्यांची पाळीही इतरांच्या आधी जाते. पुरुषाचे बीजही विडीने दुर्बळ होते, हे मात्र कोणी बोलत नाही. मूल नाही म्हणून बोल लावायचा तो बाईलाच! नोव्हेनाची विनंती घेऊन येणाऱ्या जोडप्यातील नवऱ्यास मी आता त्याच्या खिशातील विड्यांविषयीही विचारतो. काहींना ते रुचत नाही.

आपल्या गोव्यात तंबाखू ही पुरुषांचीच मिरास कधी नव्हती. पानात तंबाखू गुंडाळलेली धुमटी, पेटते टोक तोंडात धरून, बायका ओढीत असत. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५,४४९ गोमंतकीय ग्रामस्थांची तोंडे त्यासाठी तपासली गेली. तेव्हा शोध तोंडाच्या कर्करोगाच्या पूर्वखुणांचा होता. आता धुमटी क्वचितच दिसते, पण मशेरीची डबी कित्येक घरांत आहे. तिला धूर नाही म्हणून ती निरुपद्रवी, असे आपल्या माउल्या समजतात. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू वापरणाऱ्या, म्हणजे बहुतेक मशेरी लावणाऱ्या, मातांची मुले सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि कित्येक दिवस भरण्यापूर्वीच जन्मली. अशक्त आईच्या पोटी येणाऱ्या मुलाला एवढी तूटही जड जाते.

देशाचा २००३ चा कायदा होण्यापूर्वीच, १९९७ मध्ये, गोव्याने सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास व थुंकण्यास मनाई करणारा कायदा केला. डॉ. शरद वैद्य यांनी तंबाखूविरुद्ध येथे मोठी चळवळ उभारली होती. परंतु कायदा बसथांब्यापर्यंत येतो. आपला उंबरठा तो ओलांडीत नाही.

त्या सुनेच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले नाही, तिच्या नवऱ्याला दिले. सासऱ्यांना सांगणे हे सुनेचे काम नव्हे, मुलाचे आहे. खिडकी उघडून भागत नाही, विडी घराबाहेरच गेली पाहिजे, हेही बजावले. तो बराच वेळ खाली मान घालून बसला.

महिन्याभराने पुन्हा गेलो, तेव्हा सासरे अंगणाच्या कडेला माडाखाली छत्री धरून उभे होते. विडी काही सुटली नव्हती.